पहिल्या पावसाआधी कारखान्याचं आवार: कन्सेंटमधली पावसाच्या पाण्याची अट कशी पाळायची

खान्देशात परतीचा पाऊस गेला की मृगापर्यंत आवारावर सहसा पाणी पडत नाही. जळगाव, धुळे, नरडाणा, नंदुरबार, कुठल्याही एमआयडीसीत पाहा: सात-आठ महिने गळलेलं डिझेल, बॉयलरची राख, भंगाराचा गंज, डाळीची चुनी, प्लास्टिकचा दाणा जिथे सांडला तिथेच बसून राहतो. मग जूनमध्ये तासाभरात तीस-चाळीस मिलीमीटर कोसळतो आणि आठ महिन्यांची घाण एका दमात रस्त्याकडेच्या नालीत जाते. जिथे वर्षभर थोडा थोडा पाऊस असतो तिथे ही घाण हप्त्याहप्त्याने धुतली जाते. आपल्याकडे पहिले दोन-तीन पाऊसच सगळ्यात घाणेरडे असतात. म्हणून इथल्या कारखान्याने सगळी तयारी त्याच दोन-तीन पावसांसाठी करायची असते. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) पाहणी आणि मेअखेर बांधकाम पूर्ण, हे वेळापत्रक धरून चालावं.

कन्सेंटमध्ये नेमकं काय लिहिलेलं असतं

पावसाच्या पाण्यासाठी आपल्याकडे वेगळा परवाना नाही. अमेरिकेत क्लीन वॉटर अ‍ॅक्टमध्ये १९८७ साली दुरुस्ती झाली, १९९० मध्ये नियम आले आणि कारखान्यांच्या आवारातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याला स्वतंत्र परवाना लागू झाला. तिथे कारखान्याला प्रदूषण रोखण्याचा लेखी आराखडा करून आवारात ठेवावा लागतो. महाराष्ट्रात हीच गोष्ट जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २५ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ (पुढे नुसतं ‘मंडळ’) जी संमती, म्हणजे कन्सेंट, देतं, तिच्या अटींत येते. बहुतेक जण कन्सेंटमध्ये रोज किती घनमीटर सांडपाणी आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) किती एवढंच वाचतात. सर्वसाधारण अटींच्या पानावर मात्र तीन ओळी असतात, त्या पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा.

पहिली: कारखान्याचं सांडपाणी आणि मैलापाणी गोळा करण्याची व्यवस्था वेगळी हवी, शेवटी प्रवाह मोजता येईल असं टर्मिनल मॅनहोल हवं आणि त्या मॅनहोलच्या पुढे पाइपात काहीही सोडायचं नाही. दुसरी: पावसाचं पाणी किंवा शेजारच्या प्लॉटचं पाणी कारखान्याच्या सांडपाण्यात मिसळू द्यायचं नाही. तिसरी: ठरवून दिलेल्या व्यवस्थेखेरीज दुसऱ्या कुठल्याही वाटेने सांडपाणी बाहेर जाता कामा नये. रंग-रसायन, औषध अशा काही उद्योगांच्या केंद्रीय मानकांत याहून स्पष्ट तरतूद आहे. २०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा प्लॉट असेल तर पावसाचं पाणी ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), स्क्रबर (धूर-वायू धुवायचं यंत्र) किंवा फरशी धुण्याच्या पाण्यात मिसळू न देता वेगळ्या नालीतून न्यायचं आणि ती नाली एचडीपीई अस्तर लावलेल्या खड्ड्यातून गेली पाहिजे. खड्डा तासाच्या सरासरी पावसाच्या दहा मिनिटांचं पाणी मावेल एवढा हवा. तासाला ५० मिमी पाऊस धरला तर दहा मिनिटांत ८.३ मिमी होतो, म्हणजे १,००० चौ.मी. आवाराला साधारण ८.३ घनमीटरचा खड्डा.

ही मिसळ दोन्ही बाजूंनी नडते. सांडपाणी पावसाच्या नालीत गेलं तर प्रदूषण होतं, हे सगळ्यांना कळतं. उलट बाजू लक्षात येत नाही. १,००० चौ.मी. काँक्रीटवर तासाला ५० मिमी पाऊस पडला, त्यातलं ९० टक्के पाणी वाहिलं, की तासाला ४५ घनमीटर होतात. रोज ५ घनमीटरच्या ईटीपीत ते शिरलं तर एरेशन टाकीतला जिवाणूंचा गाळ वाहून जातो, प्लांट पुन्हा बसायला काही आठवडे लागतात आणि मीटरवरचा आकडा कन्सेंटच्या मर्यादेबाहेर जातो.

कन्सेंट बाजूला ठेवला तरी कलम २४ आहेच: प्रदूषक पदार्थ प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर जाऊ द्यायला मुळातच मनाई. या कायद्याच्या व्याख्येत ‘प्रवाह’ म्हणजे वाहता किंवा सध्या कोरडा असलेलाही जलमार्ग, शिवाय जमिनीखालचं पाणीसुद्धा. आपल्याकडचे नाले वर्षातले बरेच महिने कोरडे असतात, म्हणून ‘मागच्या नाल्यात पाणीच नाही’ हे उत्तर चालत नाही. तोच नाला जुलैमध्ये गिरणेला, वाघूरला किंवा पांझरेला आणि शेवटी तापीला मिळतो.

नकाशा: बाटलीभर रंग आणि अर्धा दिवस

प्लॉटचा मंजूर लेआउट घ्या आणि त्यावर दोन रंगांनी काम करा. निळ्याने स्वच्छ पाणी: छप्पर, ऑफिससमोरचा भाग, बाग. लालने घाण पाणी: पिंपं ठेवायची जागा, डिझेल टाकी, जनरेटर, राखेचा ढीग, भंगार, माल चढवायची-उतरवायची जागा, ईटीपीभोवतीचा पट्टा. प्रत्येक नालीवर उताराची दिशा बाणाने दाखवा. अंदाजाने काढू नका, पाणी ओतून पाहा. दोन-तीन बादल्यांत कळतं की कागदावरचा उतार आणि फरशीचा खरा उतार बऱ्याचदा उलटे असतात.

मग लपलेले पाइप शोधा. सलग तीन दिवस पाऊस नसताना पावसाच्या नालीत ओल किंवा धार दिसली तर ते पावसाचं पाणी नव्हे. बहुतेक वेळा ती कूलिंग टॉवरची ब्लीड असते किंवा बॉयलरचा ब्लोडाउन (दोन्ही म्हणजे क्षार वाढले म्हणून सोडून दिलेलं पाणी), हात धुवायचं सिंक नाहीतर फरशी धुतलेलं पाणी. प्रत्येक मोरीत थोडं रंगीत पाणी ओता आणि ते कुठल्या चेंबरला निघतं ते पाहा. सापडलेलं जोडणीचं तोंड सिमेंटने बंद करा. नुसती चिंधी कोंबली तर ती पहिल्या पावसात निघते.

कुठल्या धंद्यात काय वाहून जातं

चटई कारखान्यांत पीपीचा (पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिकचा) दाणा आणि तुकडे वापरतात. पीपी आणि पीई (पॉलिथिलीन) पाण्यापेक्षा हलके, ते तरंगतात. साधा गाळखड्डा त्यांना अडवतच नाही, ते वरून निघून जातात. त्यांच्यासाठी पाण्याच्या पातळीच्या खाली किमान ३० सेंमी बुडलेली आडवी भिंत हवी आणि मागे जाळी. दाणा २ ते ५ मिमीचा असतो, त्यामुळे जाळीचं भोक २ मिमीपेक्षा कमी ठेवावं लागतं आणि ती पाच मिनिटांत तुंबते. म्हणून आधी १० मिमीची जाळी, मग बारीक, आणि दोन्ही हाताने उचलता येतील अशा खाचेत बसवलेल्या. पीव्हीसी पाइपवाल्यांचं उलटं: पीव्हीसी पाण्यापेक्षा जड, दाणा तळाशी बसतो, तिथे गाळखड्डा काम करतो. दोन्ही माल एकाच आवारात असेल तर दोन्ही सोयी लागतात.

डाळ मिलमध्ये विषारी काही नाही, असं मालकांना वाटतं. पण चुनी, टरफल आणि पीठ भिजलं की दोन दिवसांत आंबतं आणि बीओडी शेकड्यात जातो. सायक्लोनमधून उडालेली भुकटी छपरावर बसते, म्हणून अशा मिलचं छपरावरचं पहिलं पाणीही लाल रंगातच धरा. जिनिंगमध्ये रुईचे पुंजके नाल्या तुंबवतात आणि तुंबलेलं पाणी तेलकट भागावरून वाहायला लागतं. तेल मिलमध्ये उघड्यावरची ढेप सगळ्यात वाईट, कारण तिच्यातून तेलही सुटतं आणि ती कुजतेही. बॉयलरची राख, विशेषतः भुशाची आणि लाकडाची, पाण्याचा पीएच ९ च्या वर नेते. मर्यादा ५.५ ते ९ आहे, म्हणजे एक ढीग सगळा नमुना नापास करतो. जुन्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यांवरून जस्त उतरतं. त्यावर उपाय म्हणजे पत्रे रंगवणं किंवा बदलणं. त्यासाठी पाणी शुद्ध करत बसू नका.

आधी छप्पर, मग टाकी

पाणी घाण झाल्यावर शुद्ध करण्यापेक्षा ते घाणीला लागूच न देणं नेहमी स्वस्त पडतं. लाल भाग जितका छोटा, तितकी टाकी छोटी. म्हणून बजेटमधला पहिला पैसा पत्र्याच्या शेडला.

शेडचं छप्पर साठ्याच्या कडेपासून चारही बाजूंनी किमान ६० सेंमी पुढे काढा. पाऊस सरळ पडत नाही, आणि मे-जूनचा वादळी पाऊस तर आडवाच मारतो. वाऱ्याच्या बाजूला खाली दीड मीटर पत्रा उभा लावा. छपराच्या पत्र्यांना जे-हूक आणि वॉशर पूर्ण संख्येने बसवा, एकाआड एक नको. फरशी बाजूच्या आवारापेक्षा १५ सेंमी उंच, एम-२५ काँक्रीटची, १०० ला १ उतार. पेव्हर ब्लॉक किंवा शहाबादी लाद्या पिंपांखाली चालत नाहीत, कारण सांध्यातून तेल थेट मातीत जातं.

तेल आणि रसायनाच्या पिंपांभोवती बंधारा, म्हणजे बंड, हवाच. त्याची क्षमता सगळ्यात मोठ्या भांड्याच्या ११० टक्के किंवा एकूण साठ्याच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. २०० लिटरची वीस पिंपं असतील तर एकूण ४,००० लिटर, त्याचे २५ टक्के १,००० लिटर. एका पिंपाचे ११० टक्के फक्त २२० लिटर होतात, म्हणून इथे १,००० धरायचे. ३ बाय ४ मीटरच्या जागेला १० सेंमी उंचीचा कठडा १,२०० लिटर देतो, पिंपांच्या बुडांनी व्यापलेली जागा वजा करायची म्हणून १५ सेंमी करा.

बंडाला तळाशी भोक ठेवू नका. ते ठेवलं की पाऊस पडल्यावर कुणीतरी उघडतं आणि उघडंच राहतं. साचलेलं पाणी आधी पाहा, तवंग नसेल तरच हातपंपाने काढा, आणि काढल्याची नोंद करा.

पहिलं पाणी धरायची टाकी

हिशोब सोपा आहे: १ चौ.मी. वर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. लाल भागावरचे पहिले १५ मिमी धरायचे, कारण कोरड्या काळातली बहुतेक घाण त्यातच उतरते. उघडा लाल भाग ४०० चौ.मी. असेल तर ४०० × १५ × ०.९ = ५,४०० लिटर. ३ × १.५ मीटरची, १.३ मीटर पाणी राहील इतकी टाकी ५.८५ घनमीटर भरते. वर २० सेंमी मोकळी जागा ठेवा.

टाकीची जोडणी हाच बहुतेकांचा चुकणारा भाग. पाणी टाकीतून *आरपार* वाहू द्यायचं नाही. तसं केलं तर मागचं जोराचं पाणी तळाचा गाळ आणि वरचं तेल दोन्ही उचलून बाहेर नेतं, आणि टाकी असूनही नसल्यासारखी. नालीच्या बाजूने टाकीला फाटा काढा. फाट्याचा तळ नालीच्या पुढच्या भागापेक्षा १० सेंमी खाली ठेवा. टाकी भरली की फाट्यात पाणी तुंबतं आणि पुढचं, तुलनेने स्वच्छ पाणी आपोआप सरळ जातं. वर फ्लोट व्हॉल्व्ह बसवला तर आणखी चांगलं. पण तो दाणा किंवा रुईत अडकतो, म्हणून आधी जाळी.

टाकी पावसानंतर २४ तासांत रिकामी झाली पाहिजे, नाहीतर पुढच्या पावसाला जागाच उरत नाही. ईटीपी असेल तर तासाला २५० लिटरच्या संथ धारेने त्यात सोडा, म्हणजे दिवसात ६ घनमीटर जातात. मात्र रोजच्या सांडपाण्यासह हा आकडा ईटीपीच्या क्षमतेत बसला पाहिजे. बसत नसेल तर टाकी दुप्पट करण्याआधी लाल भाग निम्मा करता येतो का पाहा. बहुतेक ठिकाणी भंगार एका कोपऱ्यात शेडखाली नेलं की येतो. पावसाचं पाणी सांडपाण्यात मिसळायला अटीत मनाई आहे, म्हणून हे पाणी ईटीपीत जाणार, ही गोष्ट कन्सेंटच्या अर्जात आणि नकाशात दाखवलेली असू द्या.

काळ्या जमिनीत विटांची टाकी बांधू नका. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि भिंतीला दुसऱ्याच वर्षी उभी भेग जाते. आरसीसी करा आणि चारही बाजूंनी, तळाखाली ३० सेंमी मुरूम दाबून भरा. नालीला २०० ला १ उतार, दर १०-१५ मीटरला ४५ × ४५ सेंमीचा गाळखड्डा, ज्याचा तळ बाहेर जाणाऱ्या पाइपच्या ३० सेंमी खाली असेल.

डिझेल आणि वर्कशॉपच्या भागाला तीन कप्प्यांचा तेलसापळा लागतो. एका कप्प्यातून दुसऱ्यात पाणी टी-पाइपने, तळापासून ३० सेंमीवरून घ्यायचं, म्हणजे तळाचा गाळ आणि वरचं तेल दोन्ही मागे राहतात. पाणी किमान २०-३० मिनिटं सापळ्यात थांबेल एवढा तो हवा. साबण किंवा डिटर्जंटने फरशी धुतली की सापळा निकामी होतो, कारण तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळून राहतात आणि वर येतच नाहीत. त्यामुळे सांडलेलं तेल आधी लाकडाच्या भुशाने टिपा, झाडून घ्या, पाणी मारू नका. टिपलेला भुसा आणि सापळ्यातलं तेल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं. ते ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही, अधिकृत घेणाऱ्यालाच द्यायचं, फॉर्म ३ मध्ये नोंद, फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचरा नेतानाचा सोबतचा कागद), आणि ३० जूनपर्यंत फॉर्म ४ चं वार्षिक विवरण.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. रेनवॉटर हार्वेस्टिंग म्हणून आवारातलं पाणी बोअरवेलमध्ये सोडू नका. फक्त निळ्या रंगातलं छपराचं पाणी, तेही पहिले दोन पाऊस सोडून आणि गाळणीतून. यावल-रावेरची केळी आणि गावागावांची पिण्याच्या पाण्याची योजना जमिनीखालच्या पाण्यावर उभी आहे. त्यात गेलेलं तेल किंवा क्रोमियम काढता येत नाही.

नमुना: कधी, कसा, कशात

अमेरिकन परवान्यातली नमुन्याची पद्धत इथेही उपयोगी आहे: आधी ७२ तास पाऊस नसलेला हवा, आणि नालीतून पाणी बाहेर पडायला लागल्यापासून पहिल्या ३० मिनिटांत नमुना घ्यायचा. पावसाचा अर्धा तास उलटल्यावर घेतलेला नमुना सुंदर येतो आणि काहीच सांगत नाही. पाऊस रात्री येतो, म्हणून वॉचमनला शिकवा आणि बाटल्या गेटवरच ठेवा.

आधी डोळ्यांनी. पारदर्शक बाटलीत पाणी भरा आणि रंग, वास, गढूळपणा, तरंगणारं, बसणारं, फेस, तवंग लिहून ठेवा. तवंग काडीने ढवळा: खनिज तेलाचा असेल तर पुन्हा एकत्र येतो, लोहजिवाणूंचा असेल तर पापडासारखे तुकडे होतात.

तपासणीसाठी तेल-ग्रीसचा नमुना काचेच्या बाटलीतच, थेट धारेखाली. बादलीत घेऊन ओतला तर तेल बादलीला चिकटून राहतं. त्यात आणि सीओडीच्या (घाणीला लागणारा ऑक्सिजन रसायनाने मोजायची चाचणी) नमुन्यात सल्फ्युरिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा, धातूंसाठी नायट्रिक. बीओडीचा नमुना बर्फात आणि २४ तासांत लॅबमध्ये. पीएच जागेवरच. लॅब मान्यताप्राप्त हवी.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या अनुसूची ६ मधले, नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचे आकडे असे: निलंबित घन पदार्थ १०० मिग्रॅ प्रति लिटर, तेल-ग्रीस १०, सीओडी २५०, बीओडी ३०. कन्सेंटमध्ये याहून कडक आकडा असेल तर तोच धरायचा. अहवाल आला की कारण शोधा. फक्त घन पदार्थ जास्त, बाकी ठीक, तर उघडी माती वाहते आहे: खडी टाका, कडेला गवत लावा. बीओडी सीओडीच्या निम्म्याहून जास्त असेल तर चुनी, ढेप किंवा मैलापाणी. सीओडी जास्त आणि बीओडी अगदी कमी, तर तेल किंवा रसायन.

मंडळाचे अधिकारी कलम २१ खाली नमुना घेतात तेव्हा लेखी नोटीस देतात आणि नमुन्याचे दोन भाग तुमच्यासमोर करता येतात. त्या वेळी हजर राहा, दोन भाग मागा, बाटलीवरच्या सीलवर सही करा. जबाबदार माणूस गेटवर नसणं हे नुकसान नंतर भरून निघत नाही.

कागद आणि काही बिघडलं तर

एक वही पुरे. दर आठवड्याला पावसाळ्यात आणि दर महिन्याला कोरड्या काळात फेरी: नाल्या, जाळ्या, बंड, सापळा, टाकीतली पातळी, तारीख, सही. दोन रंगांचा नकाशा ऑफिसच्या भिंतीवर. कन्सेंटच्या नूतनीकरणाच्या वेळी हाच नकाशा, टाकीचा हिशोब आणि लॅबचे अहवाल मंडळाच्या ऑनलाइन अर्जाला जोडा. बँक गॅरंटी घेतलेली असेल तर ती सोडवून घ्यायला हीच कागदपत्रं लागतात. आवार वाढवलं, नवी शेड घातली, डिझेल टाकी हलवली तर नकाशा त्याच आठवड्यात बदला. ३० सप्टेंबरपर्यंत द्यायच्या फॉर्म ५ च्या पर्यावरण विवरणात पावसाच्या पाण्यावर केलेला खर्चही लिहा.

पावसात टाकी फुटली किंवा पिंप वाहून गेलं तर पहिलं काम बाहेरच्या नालीचं तोंड बंद करणं. त्यासाठी शेवटच्या चेंबरला लोखंडी सरकता दरवाजा आणि शेजारी वाळूची दहा पोती कायम ठेवा. दुसरं काम मंडळाला लगेच कळवणं. कलम ३१ प्रमाणे अपघाताने प्रदूषक पाणी बाहेर गेलं किंवा जाण्याची शक्यता असली तरी ते कळवणं कारखान्यावर बंधनकारक आहे. फोन केला तरी मागून ईमेल करा, त्यात वेळ, पदार्थ, अंदाजे लिटर आणि काय केलं ते लिहा. खाली नाल्यावर गुरं पाणी पितात किंवा शेताला पंप लागलेला आहे, तर त्या शेतकऱ्यांना माणूस पाठवून त्याच तासाला सांगा.